रोज थोडाथोडा शेक कशासाठी?

प्रश्न : वडिलांना गालाचा कॅन्सर आहे, वर्षानुवर्षं खर्रा खाल्ला. अकोल्यात 30 शेक सांगितलेत. एकदाच का देत नाहीत? आत नेमकं काय होतं?
– एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सुमारे 2 मीटर डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. हे क्रोमॅटिन. काही ठिकाणी ते जिनिंगमधल्या मोकळ्या रुईसारखं, काही ठिकाणी प्रेसमधून निघालेल्या कापसाच्या गाठीसारखं आवळलेलं. शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या, किरणांनी डीएनएचे दोन्ही धागे तुटतात. काही मिनिटांतच तिथल्या ‘एच2एएक्स’ हिस्टोनवर फॉस्फेटची खूण उमटते, भोवतालचं क्रोमॅटिन सैल होतं आणि दुरुस्तीची प्रथिनं धावून येतात. आवळलेल्या भागात मात्र दुरुस्ती रेंगाळते. निरोगी पेशी बहुधा सावरते. कॅन्सरच्या पेशीत ही यंत्रणा अनेकदा बिघडलेली असते. तुटका डीएनए घेऊनच ती विभागायला जाते नि मरते. म्हणून रोज साधारण 2 ग्रे इतकीच किरणांची मात्रा, आठवड्यातून पाच दिवस : मधल्या तासांत निरोगी पेशींना सवड मिळते.

बाहेरून दिलेला शेक अंगात उरत नाही. नातवंडांना आजोबांजवळ खुशाल बसू द्या. पण सोयाबीनची सोंगणी असो की घरचं लग्न, शेक बुडवू नका. खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. आणि खर्रा आजच बंद करा.