कथाप्रधान व्हिडिओ गेममधील निवड : एक विचार

नाटक पाहताना नायकाचे पाऊल चुकले की आपण हळहळतो. कादंबरी वाचतानाही तसेच घडते. परंतु ‘हे मी केले’ अशी टोचणी प्रेक्षकाला वा वाचकाला सहसा लागत नाही. कारण निर्णय पात्राचा असतो, आपला नसतो. कथाप्रधान व्हिडिओ गेमचे वेगळेपण नेमके येथे आहे. तेथे कथा मध्येच थांबते आणि खेळाडूला विचारते, ‘आता काय करायचे?’ या निवडीला खरा अर्थ केव्हा येतो, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सर्वसाधारण समजूत अशी, की जिच्यामुळे कथेचा शेवट बदलतो तीच निवड खरी. पण ही अपेक्षा पुरवणे किती अवघड आहे हे साध्या गणितावरून कळते. प्रत्येक वेळी दोनच पर्याय दिले आणि कोणतीही वाट दुसरीला मिळू दिली नाही, तर दहा निवडींनंतर १,०२४ निरनिराळ्या कथा होतात. त्या साऱ्या लिहिणे, चितारणे व त्यांना आवाज देणे कोणालाही परवडणारे नाही. म्हणून गेमचे लेखक वाटा फुटू देतात आणि काही अंतरावर पुन्हा एकत्र आणतात. बेटाला वळसा घालून नदीचे दोन प्रवाह एक व्हावेत तसे.

टेलटेल गेम्सचा ‘द वॉकिंग डेड’ (२०१२) हे याचे चांगले उदाहरण होय. पाच भागांच्या या गेममध्ये ली नावाचा माणूस क्लेमेंटाइन या लहान मुलीचा सांभाळ करतो. पहिल्या भागात डग आणि कार्ली यांपैकी एकालाच वाचवता येते. पण वाचलेली व्यक्तीही तिसऱ्या भागात मारली जाते. पुढे लीला चालत्या प्रेताचा चावा होतो. त्याचा हात तोडावा की नाही हे शेवटच्या भागात खेळाडूने ठरवायचे असते. मात्र हात तोडला तरी मरण टळत नाही. मग ही निव्वळ फसवणूकच नव्हे काय?

मला तसे वाटत नाही. लीचे मरण ठरलेले असले, तरी तोवर तो कसा वागला हे ठरलेले नसते. आपण काही बोललो वा केले, की क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवील अशी सूचना पडद्यावर येते. आपल्याकडे पाहून एक मूल शिकत आहे, या जाणिवेने साध्या उत्तरालाही वजन येते. मरण तर आपणा कोणालाच चुकलेले नाही. पण म्हणून आयुष्यातील आपले निर्णय व्यर्थ आहेत असे आपण म्हणत नाही.

अर्थात, लेखकाने परिणामांचे आश्वासन दिले असेल तर ते पाळले पाहिजे. ‘मास इफेक्ट’ या तीन गेमच्या मालिकेचा २०१२ मधील शेवट पाहून असंख्य खेळाडू संतापले, ते याच कारणाने. तीन गेमभर केलेल्या निवडींचे प्रतिबिंब त्यांना त्या शेवटात दिसेना. निर्मात्यांना त्याच वर्षी वाढवलेला शेवट द्यावा लागला.

आता एक स्वानुभव सांगतो. लुकास पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) हा गेम मी वसतिगृहातील मित्राच्या संगणकावर खेळलो. यात खेळाडू सीमेवरील तपासनीस असतो. कागद तपासायचे आणि शिक्का मारायचा. माणसामागे पैसे मिळतात. त्यातून घरभाडे, अन्न व ऊब यांचा खर्च भागवायचा. दिवसातील पहिल्या दोन चुकांना ताकीद, तिसरीपासून दंड. एक माणूस योग्य कागद दाखवून पुढे गेला आणि मागून येणाऱ्या बायकोला सांभाळून घ्या, असे सांगून गेला. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नव्हता. त्या दिवशी माझ्या दोन चुका झाल्या होत्या. मी तिला परत पाठवले.

नंतर आठवले, की माझ्या प्रवेशाच्या वेळी एक दाखला कमी म्हणून वडिलांना आणि मला एका कार्यालयाच्या खिडकीवरून दोनदा परत जावे लागले होते. वडिलांची एका दिवसाची मजुरी प्रत्येक खेपेला बुडाली. तेव्हा खिडकीपलीकडच्या माणसाचा मला फार राग आला होता. गेममध्ये त्या खुर्चीवर मी बसलो आणि मीही तेच केले! या गेमला २० शेवट आहेत. त्या बाईला आत घेतले काय किंवा न घेतले काय, त्यांपैकी एकही बदलत नाही. तरीही माझ्या लक्षात राहिली ती हीच निवड.

टोबी फॉक्स यांच्या ‘अंडरटेल’मध्ये (२०१५) तर केलेली निवड पुसताही येत नाही. सुरुवातीला सांभाळ करणाऱ्या टोरिएलला मारून, पश्चात्तापाने मागे जाऊन तिला वाचवले, तरी गेम ते विसरत नाही. फ्लावी नावाचे फूल आपले पहिले कृत्य तोंडावर सांगते.

या उदाहरणांवरून मला असे दिसते, की निवडीचा अर्थ शेवटांच्या संख्येत नाही. आपण काय सोडतो याची जाण, त्यासाठी मोजावी लागणारी किंमत आणि मागाहून राहणारे स्मरण या तीन गोष्टी असल्या की निवड खरी होते. त्या नसतील तर शंभर शेवटही पोकळच. व्हिडिओ गेम म्हणजे वेळेचा अपव्यय, असे आपले वडीलधारे म्हणतात; पुष्कळदा ते खरेही असते. पण ज्या गेमने मला खिडकीच्या दोन्ही बाजू दाखवल्या, त्याला नुसता खेळ म्हणणे मला जड जाते.