‘हॅव टु’ : प्रयोजनाकडून अनिवार्यतेकडे

इंग्रजीतील ‘हॅव टु’ या क्रियापदबंधाला मराठी प्रतिरूप म्हणून सामान्यतः ‘-वे लागणे’ ही रचना दिली जाते. वस्तुतः या बंधात प्रयोजन आणि अनिवार्यता असे दोन अर्थस्तर आहेत व मराठी त्यांना निरनिराळी रूपे देते. भाषांतरकाराच्या दृष्टीने या भेदाचे महत्त्व काय, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

‘हॅव’चा मूळ अर्थ ‘जवळ असणे’. ‘आय हॅव अ लेटर टु राइट’ या वाक्यात पत्र कर्त्याच्या वाट्याला आलेले असून ‘टु राइट’ त्याचे प्रयोजन सांगते. जे करावयाचे म्हणून वाट्याला आले, ते करणे प्राप्तच, या अनुमानातून अनिवार्यतेचा अर्थ उद्भवला. पुढे ‘आय हॅव टु राइट अ लेटर’ हा शब्दक्रम रूढ झाला. ‘आय हॅव टु गो’ यासारख्या वाक्यात तर जवळ असावे असे कर्मच उरले नाही. उच्चारही याची साक्ष देतो. अनिवार्यतेच्या अर्थी ‘हॅफ्टु’ असे ऐकू येते. स्वामित्वाच्या अर्थी ‘व्ह’ टिकून राहतो.

मराठीत ‘हॅव’सारखे स्वामित्ववाचक क्रियापद नाही. येथे तीन रचना विचारात घ्याव्या लागतात. ‘मला पत्र लिहायचे आहे’ यात योजना, इच्छा किंवा उरलेले काम सूचित होते. ‘मला पत्र लिहावे लागते’ यात सक्ती बाहेरून येते. ‘लागणे’चा मूळ अर्थ स्पर्श होणे, चिकटणे असा आहे. ‘मी पत्र लिहिले पाहिजे’ यात कर्तव्याची जाणीव आहे. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’चे जुने कर्मणी रूप होय.

नकारात हा भेद अधिक तीव्र होतो. ‘आय डोन्ट हॅव टु गो’ म्हणजे ‘मला जाण्याची गरज नाही’. त्याऐवजी ‘मला जायचे नाही’ असे लिहिल्यास गरजेचा अभाव जाऊन त्या जागी नकाराचा निर्धार येतो. ‘मस्ट नॉट’ने व्यक्त होणारा निषेध आणखी वेगळा, त्यासाठी मराठीत ‘जाता कामा नये’ आहे.

भूतकाळात तर पात्राचे चारित्र्यच पणाला लागते. ‘शी हॅड टु लीव्ह द हाउस’ याचे ‘तिला घर सोडावे लागले’ असे भाषांतर केले, तर ती गेली आणि परिस्थितीने तिला घालविले, असा बोध होतो. ‘तिला घर सोडायचे होते’ यात ती इच्छा ठरते. ती गेली की नाही, हे अनिश्चित राहते. ‘तिने घर सोडायला हवे होते’ यात ती गेली नाही, आणि वर तिला दोषही लागतो.

रॉबर्ट फ्रॉस्टच्या ‘स्टॉपिंग बाय वूड्स ऑन अ स्नोई इव्हनिंग’ (1923) या कवितेच्या अखेरीस वचनांचा उल्लेख येतो, तो ‘हॅव’ आणि कर्म यांच्या मूळ रचनेत. तेथे वचने प्रवाशाची स्वतःची आहेत. अनुवादात ‘लागणे’ आणले, तर त्याने आपण होऊन स्वीकारलेले बंधन बाहेरून लादलेले ठरेल. ‘-आयचे आहे’ ही रचनाच तेथे मूळ भावाच्या अधिक जवळ जाते.

सारांश, ‘हॅव टु’चे भाषांतर करताना ‘करणे भाग आहे काय?’ एवढाच प्रश्न पुरेसा नाही. ‘ते कोणामुळे भाग आहे?’ हेही विचारले पाहिजे. इंग्रजी वाक्य ज्याविषयी मौन पाळू शकते, ते मराठी वाक्याला बहुधा उघड सांगावे लागते.