लॉजिक चिपची फाइल : एका तिरक्या रेघेचा धडा

वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही पाण्याच्या मोटरीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. खालच्या हौदातील पाणी वरच्या टाकीत चढवणारी मोटर वेळेवर बंद केली नाही, तर टाकी ओसंडून वाहते. हौद आटलेला असताना ती कोरडी चालली, तर जळण्याची भीती असते. मोटर केव्हा चालावी हा निर्णय एका लहानशा चिपवर सोपवता येतो. तो कसा सोपवावा आणि त्यात चूक नेमकी कोठे शिरते, याचा विचार येथे करू. उदाहरण समजण्यापुरते सोपे ठेवले आहे.

ज्या चिपच्या आतील जोडण्या आपल्या गरजेप्रमाणे ठरवता येतात, तिला प्रोग्रामेबल लॉजिक चिप म्हणतात. १९७८ साली मोनोलिथिक मेमरीज या कंपनीने ‘पाल’ चिप आणली. तिच्यातील जोडण्या फ्यूजप्रमाणे जाळल्या जात. एकदा जळलेली जोडणी पुन्हा सांधता येत नसे. १९८५ मध्ये लॅटिस कंपनीची ‘गाल’ चिप आली. ती विजेनेच पुसून पुन्हा लिहिता येत असल्यामुळे विद्यार्थ्याला चुकण्याची आणि सुधारण्याची मुभा मिळाली. ‘गाल १६व्ही८’ ही वीस पिनांची चिप अभ्यासाला सोयीची आहे.

चिपमध्ये भरावयाची फाइल ‘गॅलॅझम’ या साधनाने तयार करता येते. त्यासाठी प्रथम साध्या मजकुराची फाइल लिहावी. पहिल्या ओळीत चिपचे नाव, दुसरीत आठ अक्षरांपर्यंतची ओळखखूण, पुढे वीस पिनांची नावे आणि त्यानंतर समीकरण. ही नावे रोमन लिपीत लिहावी लागतात; अर्थ मात्र असा :

मोटर = हौद * /टाकी

येथे तारा म्हणजे ‘आणि’, तर तिरकी रेघ म्हणजे ‘नाही’. हौदात पाणी आहे आणि टाकी भरलेली नाही, तरच मोटर चालावी. चिपचा हा संकेत ट्रान्झिस्टर व रिले यांच्यामार्फत मोटरीपर्यंत पोहोचवावा.

आता टर्मिनलवर साधनाचे नाव व फाइलीचे नाव लिहून आज्ञा दिली, की ‘जेडेक’ मानकातील फाइल तयार होते. तिच्यात २१९४ बिटांची नोंद असते. त्यांपैकी २०४८ बिट ६४ ओळी व ३२ स्तंभांच्या जाळीचे. उरलेले ओळखखूण व रचनेचे. ० म्हणजे जोडणी राखलेली, १ म्हणजे तोडलेली. आपले समीकरण एकाच ओळीत मावते : तीस वेळा १ आणि दोन वेळा ०. फाइलीत पडताळा-बेरीजही असते. सर्व बिटांचे आठ-आठचे गट करून ते मिळवायचे आणि बेरजेचे शेवटचे सोळा बिट ठेवायचे. वाटेत एखादा बिट बदलला, तर ही बेरीज जुळत नाही.

समजा, समीकरणातील तिरकी रेघ लिहावयाची राहिली. एक शून्य शेजारच्या स्तंभात सरकते, एवढाच फरक. साधन तक्रार करत नाही. बेरीज जुळते, कारण ती त्या चुकीच्या फाइलीचीच बेरीज असते. चिपमध्ये लिहिलेले आणि फाइलीतले तंतोतंत सारखे निघते. आणि मोटर मात्र टाकी रिकामी असताना स्तब्ध राहते व भरल्यावर सुरू होते! बेरीज एवढेच सांगते, की लिहिलेले बदललेले नाही. लिहिलेले योग्य आहे, असे ती सांगत नाही.

ही पारख आपल्यालाच करावी लागते. दोन संकेतांच्या चार अवस्था होतात. समीकरण लिहिण्यापूर्वीच त्या कागदावर मांडाव्यात आणि प्रत्येकीसमोर मोटरीने काय करावे ते लिहावे. जेडेक फाइलीत अशा चाचणी-ओळींचीही सोय आहे. मात्र त्या समीकरणावरून तयार करू नयेत. तसे केल्यास तीच चूक दोन ठिकाणी उतरते आणि एकमेकींना दुजोरा देते. त्या गरजेवरून लिहाव्यात. त्याहून बरे म्हणजे, रोज मोटर चालवणाऱ्या माणसाला विचारून लिहाव्यात. त्याला समीकरण ठाऊक नसेल, पण मोटर केव्हा चालू नये हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

नंतर मोटरीच्या जागी लहान दिवा लावून चारही अवस्था तपासाव्यात. दिवा एकाच अवस्थेत लागला पाहिजे. तो तसा लागला, की मगच मोटर जोडावी.