घामाकडे दुर्लक्ष नको

साखर उतरली की माझे हात थरथरायचे, छातीत धडधडायचं. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड चालू झाल्यापासून ही लक्षणं माझ्या ओळखीची. अँजिओप्लास्टीनंतर मेटोप्रोलोल हे बीटा ब्लॉकर औषध सुरू झालं आणि ती दिसेनाशी झाली.

एका संध्याकाळी विजेची बिलं लावत बसलो होतो. पंखा चालू, तरी मान-पाठ घामाने चिंब. एकच आकडा पुन्हा पुन्हा वाचत होतो. नाडी शांत, ६४. "अहो, मी काय विचारतेय?" बायकोने दोनदा म्हटलं, तरी मला उत्तर सुचेना. तिने ग्लुकोमीटर लावला : ५२.

रक्तातली साखर ७० च्या खाली घसरू लागली की शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडतं. थरथर आणि धडधड त्यातूनच होते आणि बीटा ब्लॉकर नेमकी तीच दाबतो. घाम मात्र वेगळ्या मज्जातंतूंमुळे येतो, त्यामुळे तो थांबत नाही. कधी कधी वाढतोसुद्धा. म्हणून इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने, बीटा ब्लॉकर चालू असताना, कारण नसताना घाम फुटला किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर नाडीवर विसंबू नये. लगेच साखर तपासावी.

सगळे बीटा ब्लॉकर सारखे नसतात. मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल मुख्यतः हृदयावर काम करतात. प्रोप्रॅनोलॉल यकृतातून साखर सुटण्यातही आडवा येतो, त्यामुळे उतरलेली साखर सावरायला वेळ लागतो. ही गोळी अर्धशिशीसाठी, हात थरथरण्यासाठीही देतात. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबही याच जातीचे. तेव्हा प्रत्येक डॉक्टरला औषधांची पूर्ण यादी दाखवा, डोळ्यांच्या थेंबांसकट.

पण घाबरून बीटा ब्लॉकरची गोळी परस्पर बंद करू नका, ही माझी कळकळीची विनंती. ती एकदम सोडली तर छातीत दुखणं उसळू शकतं, झटकाही येऊ शकतो. माझ्या डॉक्टरांनी मेटोप्रोलोल तसंच ठेवलं आणि ग्लिमेपिराइडचा डोस कमी केला.

साखर उतरलीच तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, नंतर काहीतरी खा. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असाल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही. ग्लुकोज पावडरच हवी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. घरच्यांना हे आजच सांगून ठेवा, कारण त्या वेळी तुम्हाला स्वतःला सुचेलच असं नाही.