वर्षाला चार पेरण्या

प्रश्न : माझा भाचा शिकायला माझ्याकडे उदगीरला असतो, आता बारावीत आहे. खोली आवरताना त्याची दहावीतली एक वही सापडली. मला वाटलं विज्ञानाची असेल. उघडली तर जपानी कार्टूनांची यादी! (कार्टून म्हटलं की त्याला राग येतो. ‘अ‍ॅनिमे म्हण, मावशी.’) वर लिहिलंय ‘हंगाम : ऑक्टोबर २०२३’ आणि खाली एकेका नावापुढे शेरे. आम्ही शेतीवाडीची माणसं. आम्हाला खरीप माहीत, रब्बी माहीत. हा कुठला हंगाम? बारा भाग झाले की मालिका बंद, हे काय गौडबंगाल? आणि एका नावापुढे ‘शनि. २५:३०’ असं लिहिलंय. पोराला घड्याळ तरी कळतं का? पानाचा फोटो सोबत पाठवते.
– एक वाचक, उदगीर

उत्तर : ताई, आधी ते पानच पुन्हा एकदा बघू. कारण तुमच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं भाच्यानं त्यातच लिहून ठेवली आहेत.

‘स्पाय फॅमिली : आन्या आहे म्हणून बघायचं. बाकी टाइमपास.’ ‘जुजुत्सु कायसेन : शिबुया लागलं. झोप गेली. आता कोण वाचतंय बघू.’ ‘अपोथेकरी डायरीज : पोरगी विष चाखते आणि खूश होते. लई भारी. ठेवली.’ मग तीन नावांवर काट मारलेली आणि तिन्हींपुढे एकच शेरा : ‘३ बघितले. उगवलं नाही.’

‘उगवलं नाही’ हा शब्द त्यानं तुमच्याच अंगणातून उचलला असणार. मे-जूनमध्ये घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, आठवडाभरानं उलगडायचे आणि मोड आलेले मोजायचे. सत्तर भरले तर पेरा, नाहीतर दुसरं बियाणं बघा. अ‍ॅनिमे बघणारी पोरं जगभर हेच करतात. त्याला ते ‘तीन भागांचा नियम’ म्हणतात : तीन भाग बघायचे आणि मग ठरवायचं, ठेवायची की सोडायची. हा नियम लोकप्रिय झाला त्याचं श्रेय बरेच जण २०११ च्या ‘माडोका मॅजिका’ या मालिकेला देतात. दिसायला गुलाबी, गोंडस, चिमुरड्या मुलींची गोष्ट. तिसऱ्या भागाच्या शेवटी असं काही घडतं की दोन भागांनंतर सोडून गेलेले परत आले. काय घडतं ते सांगत नाही, भाचा मला माफ करणार नाही.

आता हंगाम. जपानी टीव्हीचं वर्ष चार तिमाह्यांचं. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत वाहिन्या आपलं वेळापत्रक पालटतात आणि जुन्या मालिका उतरवून नव्या चढवतात. दर वेळी पन्नासच्या आसपास नव्या मालिका एकदम सुरू होतात. वर्षाचे आठवडे ५२, त्याला चारांनी भागलं की तेरा. सुट्टीबिट्टीत एखादा आठवडा गेला तर बारा. ह्या बारा-तेरा भागांच्या गठ्ठ्याला तिकडे ‘कूर’ म्हणतात. भाच्याच्या यादीला ही फूटपट्टी लावून बघा : ‘स्पाय फॅमिली’चा तो दुसरा हंगाम बरोबर १२ भागांचा, म्हणजे एक कूर. ‘अपोथेकरी डायरीज’चा पहिला हंगाम २४ भागांचा, म्हणजे दोन. ‘जुजुत्सु’चा दुसरा हंगाम जुलैतच सुरू झाला होता आणि २३ भागांनी डिसेंबरअखेर संपला. त्यामुळे ती ऑक्टोबरच्या पानावर मध्येच घुसलेली दिसते. तूर नाही का खरिपात पेरतात आणि रब्बीची पेरणी उरकली तरी रानात उभीच असते?

पण बारा भागांवर थांबतात का, हा खरा पैशाचा प्रश्न आहे. बहुतेक मालिका आधी छापून आलेल्या चित्रकथेवर किंवा कादंबरीवर बेतलेल्या असतात आणि ती मूळ गोष्ट अजून चालूच असते. पुस्तकाचा प्रकाशक, टीव्ही वाहिनी, गाण्यांची कंपनी, खेळणी विकणारे असे पाच-सात जण मिळून वर्गणी काढतात. बुडालं तर सगळ्यांचं थोडं थोडं बुडावं, एकट्याचं घर जाऊ नये म्हणून. ह्या मंडळींना मालिकेपेक्षा पुस्तकं आणि खेळणी खपायला हवी असतात. बारा भागांत पुस्तकांचा खप वाढला तर पुढचा हंगाम, नाहीतर गोष्ट अर्ध्या वाटेवर ठेवून सगळे घरी. आणि जो प्रत्यक्ष चित्रं काढतो त्या स्टुडिओचं काय? बऱ्याचदा त्याचं काम उक्तं. सोयाबीन काढायला आलेल्या टोळीला ठरलेले पैसे मिळतात. पुढे भाव चढला तरी त्यातलं त्यांच्या हाती काही पडत नाही, तसंच.

चित्रांचा विषय निघाला म्हणून. पानाच्या तळाशी भाच्यानं एका मालिकेबद्दल लिहिलंय, ‘७ व्या भागात सगळ्यांची तोंडं वाकडी.’ हे त्याचं निरीक्षण अचूक असणार. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात, पण जपानी मालिका बहुधा एकच चित्र दोन किंवा तीन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला बारा किंवा आठच चित्रं लागतात. ही काटकसर टीव्हीवर रुजवली ओसामू तेझुका यांच्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’नं, १ जानेवारी १९६३ पासून. तरीही एका भागाला हजारोंनी चित्रं लागतात, आणि हंगामाच्या मध्यावर वेळ संपत आला की हात घाईला येतात. नाकं सरकतात, डोळे खालीवर होतात. जपानी प्रेक्षकांनी त्याला नावच ठेवलंय, ‘साकुगा होकाई’. साकुगा म्हणजे चित्रकाम, होकाई म्हणजे कोसळणं.

एक मात्र सांगतो, ‘कार्टून’ म्हणून नाक मुरडणाऱ्या आपल्या पिढीनंही अ‍ॅनिमे बघितलंय, फक्त आपल्याला ते माहीत नव्हतं. नव्वदीच्या सुरुवातीला दूरदर्शनवर रविवारी लागायचा तो मोगली आठवतो? निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी कंपनीची १९८९ ची मालिका होती ती, ५२ भागांची. हिंदीत आणताना गाणं गुलजारांनी लिहिलं, संगीत विशाल भारद्वाज यांचं आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. तो वाघ गुरगुरला की आमच्या घरात धाकटे पलंगाखाली जायचे. ५२ भाग म्हणजे चार कूर, अख्खं वर्ष. तेव्हा अशा वर्षभर चालणाऱ्या मालिका पुष्कळ असत. डोरेमॉन आणि शिनचॅन अजूनही त्याच जुन्या चालीचे, त्यांना हंगाम नाही. बारमाही बागायतच ती.

भाच्याचा एक शेरा मी मुद्दाम मागे ठेवला होता. ‘फ्रीरेन : लई हळू. झोप आली.’ आणि त्याच्याखाली वेगळ्या शाईत : ‘चूक झाली. परत पहिल्यापासून.’

ताई, ही एक मालिका तुम्ही त्याच्याशेजारी बसून बघाच. राक्षसांच्या राजाला मारून चौघं परत येतात आणि इतर गोष्टी संपतात तिथे ही सुरू होते. चौघांतली फ्रीरेन हजार वर्षांहून जास्त जगलेली. सोबत्यांबरोबरची दहा वर्षं तिच्या हिशेबात चिमूटभर. पन्नास वर्षांनी ती परत येते तर त्यांचा म्होरक्या हिमेल म्हातारा झालेला, आणि थोड्याच दिवसांत तो जातो. त्याच्या मातीला उभी राहून ती रडते, कारण दहा वर्षं बरोबर चालूनही तिनं त्याला नीट ओळखून घेतलंच नव्हतं. मग ती तीच वाट पुन्हा चालायला लागते. हिचे पहिले चार भाग २९ सप्टेंबर २०२३ ला जपानात सिनेमाच्या वेळेत सलग दोन तास दाखवले होते. सुटे सुटे दाखवले असते तर तुमच्या भाच्यासारखे कितीतरी जण पहिल्याच भागाला पेंगले असते, हे त्यांनाही ठाऊक असावं. माझ्या मते त्या हंगामातलं हेच सगळ्यात कसदार पीक. विष चाखणारी माओमाओ मलाही आवडली, पण दुसऱ्या नंबरावर. भाच्याला हे पटणार नाही, चालेल.

राहता राहिलं २५:३०. पोराला घड्याळ चांगलं कळतं. मोठ्यांसाठीच्या पुष्कळ मालिका तिकडे मध्यरात्रीनंतर लागतात. रात्री दीड म्हणजे कॅलेंडरप्रमाणे रविवार, पण जागणाऱ्याच्या लेखी अजून शनिवारच असतो. म्हणून जपानी वाहिन्या चोवीसच्या पुढे मोजतात : २४:३०, २५:००, २५:३०. आपल्या पंचांगातही वार सूर्योदयाला बदलतो, रात्री बाराला नाही. तेव्हा ह्यात नवल वाटायचं कारण नाही. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. तिकडे २५:३० होतात तेव्हा उदगीरला शनिवारचे रात्रीचे दहा वाजलेले असतात आणि भाग फोनवर तेव्हाच किंवा थोड्या वेळानं येतो.

शनिवारी त्याचं पान साडेनऊच्या आत वाढा.