आशेचा दोरा : बंदिवासातील संदेष्ट्यांचे काव्य कसे वाचावे?



२०२५ च्या ज्युबिली वर्षात ‘आशा’ हा शब्द आपण मिस्सात आणि प्रार्थनासभांत पुष्कळदा ऐकला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी भिंतीवर यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातील अकरावे वचन लावलेले असते. देवाने आपल्या कल्याणाचेच बेत केले आहेत, असे आश्वासन त्यात आहे. नोकरीसाठी अर्ज करताना, इस्पितळात जाताना आपण ते म्हणतो. म्हणावेही. पण नोकरी मिळाली नाही, आपला माणूस बरा झाला नाही, तर देवाने शब्द मोडला असे समजायचे का? हा प्रश्न कित्येक जण मनात दाबून ठेवतात. म्हणून ते वचन ज्या काळात आणि ज्या भाषेत आले, तेथे जाऊन आज आपण ते वाचू या.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात सांगितले आहे, की पवित्र शास्त्राचा अर्थ लावताना लेखकाला काय सांगायचे होते आणि त्याने कोणता साहित्यप्रकार वापरला, हे पाहिले पाहिजे. इतिहास, पत्र आणि काव्य एकाच रीतीने वाचता येत नाहीत.

१. कोणाला आणि केव्हा?

इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबिलोनच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम घेतले. यहूदाचा राजा, दरबारी आणि कारागीर यांना त्याने पाडाव करून नेले. संदेष्टा यहेज्केल त्यांच्यातच होता. पुढे सुमारे दहा वर्षांनी शहर आणि मंदिर दोन्ही जळाले.

मधल्या काळात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगत होता, की दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मयाने मात्र बंदिवानांना पत्र लिहिले आणि त्यात सत्तर वर्षांची मुदत सांगितली. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना मायभूमी पुन्हा दिसणार नव्हती. आपले आवडते अकरावे वचन या सत्तर वर्षांच्या लगेच नंतर येते. त्यातला ‘तुम्ही’ अनेकवचनी आहे. ते आश्वासन एका माणसाच्या एका कामासाठी नाही, तर एका प्रजेला पिढ्यान्‌पिढ्यांसाठी दिलेले आहे.

तोवर काय करायचे? पत्रात घर बांधण्याची, मळा लावण्याची, मुलांची लग्ने करण्याची आज्ञा आहे. लोकांनी तसेच केले. बाबिलोनच्या प्रदेशात मिळालेल्या मातीच्या पाट्यांवर ‘यहूदाचे नगर’ अशा नावाच्या वसाहतीतील लोकांचे शेतीचे, कराचे आणि उसनवारीचे व्यवहार नोंदलेले आहेत.

२. एक शब्द, दोन अर्थ

त्या वचनात आशेसाठी ‘तिक्वा’ हा हिब्रू शब्द आहे. हाच शब्द यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात राहाबने खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीसाठी येतो. तिक्वा म्हणजे आशा, आणि तिक्वा म्हणजे दोराही. दिवस विणकराच्या धोट्याहून वेगाने सरतात, अशी तक्रार करताना ईयोबही (अध्याय ७) हाच शब्द वापरतो. तिथे दोरा संपला की आशा संपली, हे वेगळे सांगता येत नाही. यंत्रमागांच्या भिवंडीत हे समजावून सांगायला नको.

आता यहेज्केलचा ३७ वा अध्याय वाचा. बंदिवान विलाप करतात : हाडे सुकली, तिक्वा नाहीशी झाली, आम्ही कापले गेलो. तुटलेल्या धाग्याचेच हे दुःख आहे. देव त्यांना, ‘तुमचे दुःख खोटे आहे’ असे म्हणत नाही. तो सुकलेल्या हाडांत आपला आत्मा घालतो. माग चालवणारा कामगार धागा तुटला म्हणून कापड टाकून देत नाही. तो माग थांबवतो, गाठ मारतो आणि पुन्हा सुरू करतो.

संत थॉमस अक्वायनस सांगतात, की आशेचा विषय चांगला, पुढे येणारा, कठीण, तरीही शक्य असा असतो. हनन्याने त्यातले ‘कठीण’ गाळले. बंदिवान ‘शक्य’ विसरले. यिर्मयाने दोन्ही धरून ठेवले.

३. उडणे, धावणे, चालणे

हिब्रू काव्यात ओळीच्या शेवटी यमक नसते. तेथे विचाराला विचार जोडलेला असतो. एक ओळ काही सांगते, दुसरी तेच वाढवते किंवा त्याला वळण देते. म्हणून ओळी सुट्या न वाचता जोडीने वाचाव्यात.

यशयाचा ४० वा अध्याय बंदिवासाच्या अखेरीचा आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या शेवटच्या वचनात परमेश्वराची वाट पाहणारे आधी गरुडासारखे उडतात, मग धावतात, मग चालतात. ‘वाट पाहणे’ हे क्रियापद आणि तिक्वा यांचे मूळ एकच. आपण हा क्रम उलटा लावला असता, उडणे शेवटी ठेवले असते. कवीने न थकता चालणे शेवटी ठेवले, कारण घरची वाट पायांनीच काटायची होती. एज्राला बाबिलोनहून यरुशलेमला पोहोचायला चार महिने लागले. २०२० च्या टाळेबंदीत या शहरातून उत्तरेकडे पायी निघालेले मजूर आपण पाहिले. त्या वचनातले चालणे किती मोठे आहे, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

४. शहराचे शालोम

ज्या परक्या शहरात आणून सोडले, त्याच्या शांतीसाठी झटा आणि प्रार्थना करा, असेही यिर्मया लिहितो. ‘शालोम’ हा शब्द आणि आपल्या रस्त्यांवर रोज ऐकू येणारा ‘सलाम’ एकाच मुळाचे आहेत.

भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या दंगली सोसल्या. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने १९८८ पासून वस्त्यावस्त्यांत मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. हिंदू आणि मुस्लिम शेजारी एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. ही शांती आकाशातून पडली नव्हती. चार वर्षे बैठकांना बसून माणसांनी ती विणली होती.

आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे कामासाठी दुसरीकडून येथे आली. ‘आपले खरे घर गावाला, येथे फक्त पोटासाठी’ असे आपण सहज म्हणून जातो. यिर्मया आपल्याला गाव विसरायला सांगत नाही. पण ज्या गल्लीत आपण राहतो, तिचे भले न करता आपले भले होईल, ही समजूत तो मोडून काढतो.

या आठवड्यात घरी यिर्मया २९ : १–१४ सर्वांनी मिळून मोठ्याने वाचावे आणि तीन प्रश्नांवर बोलावे :

१. आपल्या कुटुंबात कोणता दोरा तुटल्यासारखा वाटतो? तो देवासमोर आपण नावानिशी ठेवला आहे का?

२. दुःखी माणसाला आपण हनन्यासारखा झटपट दिलासा देतो, की यिर्मयासारखी सोबत करतो?

३. आपल्या इमारतीच्या किंवा चाळीच्या शालोमसाठी या महिन्यात आपण कोणते एक काम करू?

वाट पाहण्याचे बळ प्रभू आपणा सर्वांना देवो.