निळू फुले : सोंग आणि माणूस

दिवाळी झाली. दवनीवाड्याच्या आसपास गावोगाव मंडई भरू लागली. मंडई म्हटली की रात्री नाटक आलेच. माणसे सतरंजी, घोंगडी घेऊन लवकर जागा धरतात. नाटक रात्री सुरू होते आणि पहाटे संपते.

समजा, अशाच एका रात्री एक आजी नाटक पाहत बसली आहे. नाटकात एक पाटील आहे. तो गरिबाची धानाची बांधी लुबाडतो. विधवेला नाडतो. आजीला राहवत नाही. ती म्हणते, "काय मेला मानूस आहे बाप्पा! याले गावातून हाकला!"

सकाळी आजी चहाच्या टपरीवरून जाते. तोच माणूस तिथे बाकावर बसलेला असतो. कानामागे थोडा रंग राहिला आहे. डोळे जागरणाने लाल झाले आहेत. आजीला पाहून तो हात जोडतो. "राम राम, आजी. नाटक बरं झालं का?" आजी गोंधळते. रातचा मानूस खरा, का आताचा खरा?

आजीला पडलेला हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्राला एका नटाविषयी पडला होता. त्या नटाचे नाव निळू फुले. आज त्यांची गोष्ट वाचू.

माळीकाम करणारा मुलगा

गोंदियाहून कोल्हापूरकडे महाराष्ट्र एक्सप्रेस जाते. तिच्या वाटेवर पुणे लागते. त्या पुण्यात 1930 च्या सुमारास निळू फुले यांचा जन्म झाला. पूर्ण नाव नीळकंठ कृष्णाजी फुले. घरची गरिबी होती. वडील जुन्या लोखंडाचा आणि भाजीचा धंदा करीत.

निळूभाऊ मोठे झाले आणि पुण्याच्या सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकामाला लागले. पगार महिना 80 रुपये. त्यातले 10 रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. 80 रुपयांत स्वतःचेच भागवणे कठीण होते. तरी त्यांनी 10 रुपये बाजूला काढले. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होईल.

राष्ट्र सेवा दल ही 1941 साली सुरू झालेली संघटना. जातिभेद मोडावा, माणसांनी एक व्हावे, ही तिची शिकवण. सेवा दलाचे एक कलापथक होते. कलापथक म्हणजे गाणी आणि नाटके करून लोकांना शहाणे करणारी मंडळी. निळूभाऊ या कलापथकात काम करू लागले. नाटकाची शाळा त्यांनी पाहिली नाही. त्यांची शाळा हीच. इथे हसवायचे, पण हसता हसता विचार करायला लावायचे.

वगातून बोलपटात

पुढे ते लोकनाट्यात आले. लोकनाट्य म्हणजे तमाशाच्या घडणीचे नाटक. त्यात गण असतो, बतावणी असते, वग असतो. आपल्याकडच्या खडी गंमतीसारखीच त्याची मजा. शंकर पाटील यांनी लिहिलेले 'कथा अकलेच्या कांद्याची' हे त्यांचे लोकनाट्य फार गाजले. त्याचे शेकडो प्रयोग झाले. गावोगावची जत्रा आणि थंडीतली रात्र त्यांनी जवळून पाहिली. गावचा पाटील कसा बसतो, कसा बोलतो, गरीब माणूस त्याच्यापुढे कसा उभा राहतो, हेही त्यांनी पाहून ठेवले.

1968 साली 'एक गाव बारा भानगडी' हा बोलपट आला. दिग्दर्शक अनंत माने. त्यात निळूभाऊंना काम मिळाले. मग एकामागून एक बोलपट मिळत गेले. बहुतेकांत ते खलनायक होते. कधी दुष्ट पाटील, कधी लबाड सरपंच, कधी साखर कारखान्याचा मालक बनून बसलेला पुढारी.

ते ओरडत नसत. हातपाय आपटत नसत. आवाज खर्जातला, थोडा घोगरा. नजर तिरकी. शब्द हळू आणि गोड. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येई. असे का? कारण खरा लबाड माणूस ओरडत नाही. तो पाठीवरून हात फिरवतो आणि अंगठा उठवून घेतो. हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

बायका त्यांच्या नावाने बोटे मोडत. बोलपट पाहताना लोक शिव्या देत. नटाला शिव्या पडल्या म्हणजे त्याचे सोंग साधले. ती शिवी त्या पाटलाला असते, नटाला नसते.

नवऱ्याने टाकलेली बाई

1972 साली विजय तेंडुलकर यांचे 'सखाराम बाइंडर' हे नाटक आले. त्यात निळूभाऊ सखाराम झाले. सखाराम पुस्तके बांधण्याचे काम करतो. नवऱ्याने टाकलेल्या बायकांना तो घरी आणतो. आसरा देतो, पण आपल्या अटींवर. मारहाणही करतो.

नाटकाविरुद्ध मोठे वादळ उठले. नाटक तपासणाऱ्या मंडळाने हरकत घेतली. प्रयोग थांबले. दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. निकाल नाटकाच्या बाजूने लागला.

पुष्कळ लोक म्हणाले, "हे घाणेरडे आहे. दाखवू नका." पण थोडा विचार करा. टाकलेली बाई आपल्या गावातही असते. तिला माहेर नाही, सासर नाही. मग ती जाईल कुठे? नाटकाने झाकण काढले, एवढेच. झाकण ठेवले म्हणून आतले सडणे थांबत नाही.

एका माणसाचा एक प्रश्न

'सामना' हा त्यांचा मोठा बोलपट. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक विजय तेंडुलकर. 1975 साली तो जर्मनीतल्या बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला.

त्यात निळूभाऊ हिंदूराव धोंडे पाटील झाले आहेत. साखर कारखाना त्यांच्या मुठीत. सारे गाव त्यांना भिते. गावात एक म्हातारा मास्तर येतो. हे काम डॉ. श्रीराम लागू यांनी केले. मास्तर दारूच्या आहारी गेलेला आहे. अंगावर धड कपडे नाहीत. हिंदूराव त्याला ठेवून घेतात, खाऊपिऊ घालतात.

एक दिवस मास्तराच्या कानावर एक नाव पडते. मारुती कांबळे. हा माणूस गावातून नाहीसा झाला आहे. त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. मास्तर विचारू लागतो. याला विचारतो, त्याला विचारतो. पुन्हा पुन्हा विचारतो. हिंदूरावांपाशी पैसा आहे, माणसे आहेत. मास्तरापाशी फक्त एक प्रश्न आहे. आणि त्या एका प्रश्नाने हिंदूरावांची झोप उडते.

या बोलपटात दोघेही नट तोलामोलाचे होते. निळूभाऊंनी हिंदूरावाला नुसता राक्षस केला नाही. तो हसतो, थट्टा करतो, कधी दिलदारही वाटतो. म्हणूनच तो जास्त धोक्याचा आहे. दुष्टाच्या डोक्यावर शिंगे नसतात, हे त्यांनी दाखवून दिले.

ते दुष्टाशिवाय दुसरे काही करीत नसत, असेही नाही. 'जैत रे जैत' या 1977 च्या बोलपटात ते ठाकरांच्या वाडीतले भगत झाले. 'सिंहासन' या बोलपटात ते दिगू टिपणीस नावाचे पत्रकार झाले. पुढाऱ्यांचे खेळ पाहून त्या पत्रकाराचे डोके फिरते. हिंदीतही 1984 च्या 'सारांश' मध्ये त्यांनी दांडगा पुढारी उभा केला. 1991 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

पडदा पडल्यावर

आता ते 10 रुपये आठवा. माळ्याच्या पगारातून दिलेले.

नाव झाले, पैसा आला. पण निळूभाऊ बदलले नाहीत. साधे कपडे, साधे बोलणे. वाचनाची मोठी आवड. समाजासाठी घरदार विसरून काम करणारी माणसे असतात. त्यांना महिन्याला थोडे मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्यासाठी नामवंत नटांनी 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग गावोगाव केले. डॉ. लागू त्यात होते. निळूभाऊही होते. अंधश्रद्धेविरुद्धच्या कामालाही त्यांनी हात दिला.

पडद्यावर ज्याने गरिबाला लुटले, त्याने घरी आपला खिसा गरिबासाठी मोकळा केला. 13 जुलै 2009 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या लोकांनी त्यांना शिव्या दिल्या होत्या, त्यांचे डोळे त्या दिवशी भरून आले.

मग आजीच्या प्रश्नाचे उत्तर काय? रातचे ते सोंग, सकाळचा तो माणूस. पण सोंगही फुकटचे नाही. नट लबाडाचे सोंग घेतो, ते आपण खरा लबाड ओळखावा म्हणून. नटाला हाकलू नका. त्याने दाखवलेला माणूस आपल्या गावात कुठे आहे का, ते पाहा. तो गोड बोलून कागद पुढे करील. आता तुम्हाला वाचता येते. अंगठा देऊ नका. आधी कागद वाचा. आणि सामन्यातल्या मास्तरासारखा एक प्रश्न विचारा.

शब्दांचे अर्थ

खलनायक : नाटकातला किंवा बोलपटातला दुष्ट माणूस
मानधन : कामाबद्दल मानाने दिलेली रक्कम
दिग्दर्शक : नाटक किंवा बोलपट बसवणारा
कृतज्ञता : केलेल्या उपकाराची जाण

वाचा आणि सांगा

1. निळूभाऊ पगारातले 10 रुपये कोणाला देत?
2. कलापथक म्हणजे काय?
3. 'सामना' मधला मास्तर कोणाविषयी विचारतो?
4. नटाला शिव्या पडल्या तर त्याला राग यावा का? का यावा, का येऊ नये?
5. तुमच्या गावात न विचारलेला एखादा प्रश्न आहे का? वर्गात त्यावर बोला. मग तो एका ओळीत पाटीवर लिहा.